भोरड्यांचे रविवार

चौथ्या रविवारीही भोरड्या दिसल्या नाहीत, तेव्हा मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि यांना म्हटलं, "आता पुरे. पुढच्या रविवारी मी येणार नाही."

हे मागे बसले होते. डावा हात माझ्या खांद्यावर होता, तो तसाच राहिला. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, आणि देणार तरी कसं? दोन वर्षांपूर्वी यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात अर्धा लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायला लागले आणि बोलणं गेलं. आवाज आहे, समजतंही सगळं. फक्त शब्द हाताला लागत नाहीत. चहा हवा असला की "साखळी" म्हणतात. मला हाक मारायची असली की "गुरुवार". चुकीचा शब्द बाहेर पडला की त्यांचं त्यांनाच कळतं, मग डाव्या तळव्यानं कपाळावर मारून घेतात. मी सुरुवातीला तो हात धरायची. हल्ली धरत नाही.

आधी हे असे नव्हते. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस. शंभर मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे यांना घरातही ओरडूनच बोलायची सवय होती. "भाजीत मीठ कमी आहे" हे शेजारच्या तिन्ही घरांना कळायचं. मला त्याची लाज वाटायची.

आणि यांना भोरड्यांचं वेड होतं. साळुंकीएवढा पक्षी, तिच्याच जातीचा. अंग फिकट गुलाबी, डोकं, पंख आणि शेपूट काळी. पिल्लं मात्र मातकट. पावसाळा सरता सरता लांब वायव्येकडच्या देशांतून थव्याथव्यानं येतात आणि पळस फुलून गेला की परत जातात. वडा-पिंपळाची फळं पिकली की त्यांवर तुटून पडतात, घाणेरीची काळी फळं खातात, आणि ज्वारी दुधात आली की ज्वारीही. हे मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. लहानपणी रानातल्या माळ्यावर उभं राहून, गोफण फिरवून, घसा फुटेपर्यंत ओरडून यांनी भोरड्या हाकलल्या. मोठेपणी शहरात आल्यावर त्याच भोरड्या शोधत फिरायला लागले. कसं झालं ते यांनाही सांगता यायचं नाही. "एवढ्या शिव्या दिल्या, आता बघायला तर पाहिजे," एवढंच म्हणायचे.

दर हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी हे मोटारसायकल घेऊन निघायचे. कुठल्या गावात कुठला वड आहे, तो कधी पिकतो, हे यांना तोंडपाठ. सगळे वड एकदम पिकत नाहीत. एक मार्गशीर्षात पिकतो, शेजारच्या गावातला माघात. पाखरांना ते ठाऊक असतं, यांनाही होतं. वहीत गाव, झाड, तारीख आणि थव्याचा आकडा. अशा सतरा वह्या आहेत. मी एकदाही बरोबर गेले नव्हते. मी पोस्टात नोकरी करते, आठवड्याचे सहा दिवस काउंटरवर. रविवारी मला घर आवरायचं असायचं, आणि खरं सांगायचं तर यांच्या आवाजापासून सुट्टी हवी असायची.

झटक्यानंतरचा पहिला हिवाळा दवाखान्यात आणि अंथरुणावर गेला. या हिवाळ्यात दिवाळी झाली आणि एक दिवस यांनी दुर्बीण काढून गळ्यात घातली, नवी कोरी वही माझ्या हातात दिली आणि दाराकडे बोट केलं.

त्यासाठी मी बावन्नाव्या वर्षी स्कूटर शिकले. यांचा उजवा पाय फूटरेस्टवर राहत नाही, घसरतो, म्हणून जुन्या पिशवीचा पट्टा कापून मी तो पाय अडकवायला फासा शिवला. सकाळी साडेपाचला उठून डबा करायचा, यांना अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, जिना उतरवायचा, मागे बसवायचं, पाय फाशात अडकवायचा. निघेपर्यंतच माझी कंबर भरून यायची. मग पुढे चाळीस-पन्नास किलोमीटर थंड वारं तोंडावर घेत जायचं.

पहिल्या रविवारी बार्शीच्या रस्त्याला गेलो. यांच्या जुन्या वहीत एका गावच्या शाळेतला पिंपळ होता. पिंपळ होता, पण फळं संपली होती. चार बुलबुल आणि एक तांबट उरलंसुरलं खात बसले होते. शाळेसमोर राहणारा माणूस म्हणाला, "परवापत्तुर होत्या की. लई होत्या. अंगण घाण करून ठेवलं बघा." आम्ही त्या घाणीकडे बघितलं आणि परत आलो.

दुसऱ्या रविवारी अक्कलकोटकडे. तिथली एक बाई कानडीत बोलत होती, मी मराठीत. शेवटी मी दोन्ही हातांनी पाखरं उडवून दाखवली, तर तिनंही हातांनी उडवून दाखवली आणि लांब बोट केलं. तिनं दाखवलेल्या जागी गेलो तर वडाचा बुंधा होता. नुसता बुंधा, कमरेएवढा उंच, वर करवतीच्या खुणा. रस्ता रुंद झाला होता. हे स्कूटरवरून उतरले, बुंध्यावर बसले आणि बराच वेळ उठेनात. ऊन चढत होतं. शेवटी मीच काखेत हात घालून उठवलं.

तिसऱ्या रविवारी माळशिरसला नणंदेकडे बसनं गेलो होतो, तिथं म्हटलं बघू. तिकडे जिकडे तिकडे ऊस. ट्रॅक्टरच्या मागे बगळे चालत होते, बाकी काही नाही. नणंद मला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाली, "वहिनी, दादाला असं वाऱ्यावादळात कशाला फिरवताय? काही झालं म्हणजे?" मी म्हटलं, "मी नाही फिरवत. तेच मला फिरवतायत." तिला ते पटलं नाही. तिनं भाकरी थापता थापता मान हलवली.

आणि चौथा रविवार हा असा, मोहोळच्या बाजूला. तीन गावं, चार झाडं, शून्य भोरड्या. तेव्हाच मी ते वाक्य बोलले.

आठवडाभर मी ठरवून ठेवलं होतं की येत्या रविवारी झोपायचं. शनिवारी काउंटरवर निवृत्तिवेतनवाल्यांची गर्दी होती, एका आजोबांना अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटेना म्हणून तीनदा रांगेत उभं राहावं लागलं, आणि ते माझ्यावर ओरडले. संध्याकाळी पायांना सूज आली होती. मी गजर न लावता झोपले.

पण सवयीनं साडेपाचला जाग आलीच. बघते तर अंथरुणावर हे नाहीत. घाबरून बाहेर आले. हे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. एकट्यानं उतरले होते, कसे कोण जाणे. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली, गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. मला राग आला. हा हट्ट होता, आणि हट्ट करायचा हक्क सगळा यांनाच कसा मिळाला असं वाटलं. मी वर गेले, चहा केला, दोन कप घेऊन खाली आले आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसून प्यायले. मग बटणं सारखी केली आणि चावी आणायला वर गेले.

त्या गावाचं नाव मी सांगत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून एक मोठा पिंपळ होता. त्याच्या बुंध्यावर लाल रंगात एक आकडा घातलेला होता. पुढच्या कडुलिंबावरही तसाच, आणि त्याच्या पुढच्या चिंचेवर. मी तिकडे लक्ष दिलं नाही. यांना खाली उतरवलं, बुंध्याला टेकवून उभं केलं. हे मान वर करून बघायला लागले आणि मी वही उघडून लिहायला सुरुवात केली. गाव, पिंपळ, फळं आहेत.

तेवढ्यात चार माणसं आली. पुढचा पांढऱ्या शर्टातला, पस्तिशीचा असेल. मागच्या एकानं मोबाइल आमच्यासमोर धरला होता, चित्रीकरण करत होता.

"काय मोजताय?" पांढरा शर्ट म्हणाला.

"भोरड्या बघायला आलोय," मी म्हटलं.

"भोरड्या." त्यानं मागं वळून बाकीच्यांकडं बघितलं. "ऐकलं का? भोरड्या बघायला आलेत. बाई, आमी काय येडे हाय का? मागल्या महिन्यात बी दोघं असंच आलतं. म्हनं, झाडांचा अभ्यास करतोय. दुसऱ्या दिवशी झाडावर नंबर. आता रस्ता कुटनं जानार, कुनाचं रान जानार, ते तरी सांगा की."

"अहो, आमचा रस्त्याशी काही संबंध नाही."

"मग वहीत काय लिवताय? दावा वही."

मी वही छातीशी धरली. का धरली, आता कळत नाही. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण मी धरली आणि त्यांचा संशय पक्का झाला. एकजण स्कूटरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "तलाठ्याला फोन लावा," कुणीतरी म्हणालं.

तेव्हा हे पुढे आले. पाय ओढत, डावा हात वर करून. मला वाचवायला आले होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, "चादर."

मागच्यानं मोबाइल यांच्याकडं वळवला.

"चादर," हे पुन्हा म्हणाले, जोरानं, आणि वर आभाळाकडं बोट केलं. "चादर! चादर!"

"आरं, ह्यो तर सकाळीच पिऊन आलाय," मोबाइलवाला म्हणाला, आणि दोघं हसले.

त्यानंतर मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. मी ओरडले एवढं खरं. मी आयुष्यात रस्त्यावर कधी ओरडले नव्हते. ओरडणारे आमच्या घरात हे होते. "हसताय काय? आजारी माणूस आहे तो! दोन वर्षं झाली, बोलता येत नाही त्यांना! घ्या, बघा वही, बघा काय लिहिलंय!" असं म्हणून वही फेकली ती सरळ पांढऱ्या शर्टाच्या पायापाशी पडली. आणि मग मी स्कूटरच्या सीटवर डोकं ठेवून रडायला लागले. ते दुःखानं नव्हतं. माणूस फार दमला की जसं रडतो, तसं. थांबतच नव्हतं.

रस्त्यापलीकडं मेंढरं चरत होती. त्यांच्यामागनं एक म्हातारी काठी टेकत आली. ती बराच वेळ बघत असावी. तिनं यांच्यासमोर उभं राहून यांचं तोंड निरखलं, मग लुळा हात उचलून बघितला आणि सोडून दिला.

"वारं गेलंय ह्यांच्यावरनं," ती त्या माणसांना म्हणाली. "डोळं फुटलं का तुमचं? तोंड वाकडं झालंय, दिसंना का? आमच्या म्हाताऱ्याचं असंच झालतं. सात वर्सं. 'पानी' म्हनायचं आन् डाव्या हातानं भाकरी दावायचं. तवा त्यालाबी लोक हसलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गप ऱ्हा, बाई. पानी पी."

पांढऱ्या शर्टानं वही उचलली. झटकली. पानं उलटली. पहिल्या चार पानांवर चार रविवार, प्रत्येकापुढं झाडं, आणि शेवटी माझ्या अक्षरात 'भोरड्या: नाहीत', 'भोरड्या: नाहीत'. त्यानं ते मोठ्यानं वाचलं, मग पुढचं मनात वाचलं. वही माझ्या हातात देताना म्हणाला, "माफ करा, ताई. लोकं लई फसवून जात्यात. म्हनून."

मी पाणी प्यायले.

"भोरड्या व्हय?" म्हातारी म्हणाली. "ह्या पिंपळाव न्हाय येत आता त्या. गाड्यांचा लई दंगा. ओढ्याच्या वडाव येतेत, ऊन वर आल्यावर. चला, दावते."

ओढा अर्ध्या किलोमीटरवर होता, पण मधे नांगरलेलं काळं रान. पांढरा शर्ट मोटारसायकल घेऊन आला, "काका, बसा, सोडतो." यांनी मान हलवली. चालत गेले. ढेकळांतून पाय ओढत, दहा पावलं टाकायची आणि थांबायचं. माझ्या खांद्यावर निम्मं वजन. अर्धा तास लागला. मेंढरं आमच्या पुढं, म्हातारी मेंढरांच्या पुढं, आणि ते चौघं मागं काही अंतर ठेवून. एखाद्या अंत्ययात्रेसारखे चाललो होतो आम्ही. तेव्हा हसू आलं नाही, नंतर आलं.

वड मोठा होता, पारंब्या ओढ्यात उतरलेल्या. फळं लालभडक पिकली होती, खाली सडा पडला होता. पण भोरडी एकही नव्हती. तीन-चार हरोळ्या, ती हिरवी कबुतरं, उडाली, बाकी शांतता. मला बसायला मिळालं यातच मी समाधानी होते. बुंध्याला पाठ टेकली आणि बसल्या बसल्या डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं. कढईत मोहरी तडतडावी तसा, पण चहूबाजूंनी. ओढ्यापलीकडच्या रानावरून काळपट पट्टा येत होता, मधेच आवळायचा, मधेच पसरायचा, वळला की गुलाबी दिसायचा. मग सगळा वडावर उतरला. फांद्या हलायला लागल्या, फळं टपाटपा माझ्या डोक्यावर पडायला लागली. बसलेले उठत होते, मागचे पुढं उडी घेत होते, भांडत होते, आणि अजून येतच होते.

हे मला डाव्या हातानं ढोसत होते. मला कळलं. यांना दुर्बीण एका हातानं स्थिर धरता येत नाही. म्हणून आम्ही युक्ती काढली होती, मी पुढे उभं राहायचं आणि यांनी माझ्या खांद्यावर दुर्बीण टेकवायची. गेले चार रविवार ती युक्ती रिकाम्या झाडांवरच वापरली होती. मी उठले आणि पुढे उभी राहिले.

"शंभर," माझ्या कानाशी आवाज आला.

मला आधी वाटलं, मागचं कुणीतरी बोललं.

"दोनशे." मग थोडं थांबून, "तीनशे."

ही यांची जुनी पद्धत. पूर्वी मला समजावून सांगायचे, मी ऐकायची नाही. थव्यातला एक तुकडा मोजायचा, शंभर भरले की तो तुकडा डोळ्यात धरायचा आणि मग तेवढा तेवढा पुढं ठेवत जायचं. "चारशे. पाचशे." एकही आकडा चुकला नाही. आवाज तोच, मागांच्या वर चढणारा, कानात दडे बसवणारा. पारंब्यांखाली ते चौघंजण तोंड उघडं टाकून उभे होते. "सहाशे. सातशे." मग तिथंच अडकले. "सातशे... सातशे..." पुढचा आकडा येईना. तीन-चारदा प्रयत्न केला, आणि तेवढ्यात थवा एका झटक्यात उठला आणि गेला.

मी वहीत लिहिलं, सातशेच्या वर.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल मला आनंद झाला असेल. झाला. पण त्याच्या आधी जे मनात आलं ते मी इथं लिहिते, कारण ते खरं आहे. मला वाईट वाटलं. स्पीच थेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं, रोज सकाळी आकडे म्हणून घ्या, पुष्कळदा आकडे शाबूत राहतात. चार महिने मी रोज सकाळी डब्याची घाई टाकून यांच्यासमोर बसले. "म्हणा, एक. म्हणा ना हो, एक." हे भिंतीकडं तोंड करायचे. एकदाही 'एक' म्हणाले नाहीत. आणि पाखरांसाठी सातशेपर्यंत गेले. माझा खांदा बधिर झाला होता, केसांत वडाची फळं चिकटली होती, आणि मी तिथं उभी राहून पाखरांचा हेवा करत होते.

म्हातारीला मात्र काही विशेष वाटलं नाही. "येतंय, येतंय," ती म्हणाली. "आमचं म्हातारं शिव्या बराबर द्यायचं."

पांढरा शर्ट म्हणाला, "आमच्या आज्याच्या टायमाला ह्या बघून पोटात गोळा यायचा. डबडी वाजवून हात दुखायचं. आता ज्वारी तरी कुटं हाय? सगळा ऊस." मग त्यानं हळूच विचारलं, "ताई, ही वही कुनाला दावता? म्हंजे, हितं एवढी पाखरं येत्यात म्हनून ह्ये झाड तरी ऱ्हाईल का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी पोस्टात आहे." तो "बरं" म्हणाला. मी खोटं काहीतरी सांगायला हवं होतं का, हा विचार पुढं कितीतरी दिवस येत राहिला.

परतीच्या वाटेवर एका हॉटेलात चहाला थांबलो. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड. हे खुशीत होते, बशी डाव्या हातात धरून भुरके मारत होते. मी म्हटलं, "अहो, मला तुमच्याशी बोलायचंय." त्यांनी बशी खाली ठेवली.

"मी दमलेय. आजच्यापुरतं नाही. दोन वर्षांची दमलेय. तुमच्यावर राग नाही माझा, पण मला एक दिवस असा पाहिजे की कुणी मला उठवणार नाही, आणि मी कुणाला उठवणार नाही."

एवढं मी कुणालाच बोलले नव्हते. हे माझ्याकडं बघत राहिले. ओठ हलले, थांबले. कपाळाकडं हात जायला निघाला आणि मधेच खाली आला. मग म्हणाले, "झोप."

शब्द बरोबर आला होता की चुकून आला होता, मला ठरवता आलं नाही. मी विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी सकाळी जाग आली तेव्हा हे कपडे करून तयार होते. बटणं या वेळी नीट लावली होती, किती वेळ लागला असेल देव जाणे. स्कूटरची चावी खिळ्यालाच होती. दाराबाहेर शेजारचे काका उभे होते. ते यांना बसला बसवून देणार होते. यांनी त्यांना कधी, कसं सांगितलं, खाणाखुणा करून की वहीचं पान दाखवून, मला अजून माहीत नाही. मी "नको, एकटे जाऊ नका" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. एका कार्डावर घरचा पत्ता आणि माझा मोबाइल नंबर लिहून सदऱ्याच्या खिशात घातलं. खाली लिहिलं, 'यांना बोलता येत नाही. समजतं सगळं.' डब्यात दोन पोळ्या आणि शेंगाचटणी दिली.

मग मी झोपायला गेले आणि झोप आली नाही. बस कुठं पोचली असेल, उतरताना पाय अडकला असेल का, वाहकानं चुकीच्या थांब्यावर सोडलं असेल का. दहा वाजेपर्यंत मी छताकडं बघत होते. साडेदहाला अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा तरुण आवाज, "मावशी, मी त्या मेंढरंवाल्या आज्जीची सून. तुमचं मालक आलेत. वडाखाली बसलेत. आत्याबाई म्हनतेत काळजी करू नका, दुपारी चारच्या गाडीत बशीवतो."

मागनं म्हातारीचा आवाज येत होता, "आगं, भाकरी खाल्ली म्हनून सांग की. दीड भाकरी खाल्ली."

"दीड भाकरी खाल्ली," सून म्हणाली.

मी फोन उशाशी ठेवला. त्यानंतरचं मला काही आठवत नाही. उठले तेव्हा चार वाजून गेले होते, दुपारचं ऊन खिडकीतून माझ्या पायांवर आलं होतं, आणि जेवलेच नव्हते हे लक्षात आल्यावर मला फार भूक लागली. मी आदल्या दिवशीचा भात फोडणीला टाकला आणि ओट्याशी उभ्यानंच कढईतून खाल्ला.